दोन खुर्च्यांची खोली

"घरात बोलणी कशावरून खातोस, ते सांग आधी. विषयाचं मागून बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? घरात राहतोस ना? मग बोलणी खात असशीलच की. कशावरून?"

समोरच्या पोराने कॉलर सारखी केली. नवाकोरा शर्ट होता, घड्या अजून अंगावर उभ्याच होत्या. माझं ध्येय, माझी आवड, पुढे जाऊन मी कोण होणार, असं सगळं तो घरून पाठ करून आला होता, आणि या बाईने त्यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं.

"झोपतो म्हणून," तो म्हणाला.

"झोपतात सगळेच. जागा असतोस तेव्हाचं बोल."

पोराला जरा हसू आलं. त्याने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. "लोकांच्या भांडणात पडतो म्हणून."

"कुणाच्या?"

"आमच्याच इमारतीत. खालचे आणि वरचे भांडतात, जिन्यात चपला कुणी ठेवायच्या त्यावरून. मी मधे जातो."

"कुणाच्या बाजूनं?"

"आधी खालच्यांच्या. मग वरच्यांचं ऐकलं की वाटतं, त्यांचंही खरं आहे."

"मग दोघं मिळून तुलाच हाणत असतील."

"म्हणून तर आई बोलते."

बाई खो खो हसली. हसताना ती मागे रेलली आणि खुर्ची कुरकुरली. "आता तुझ्या डोक्यातला विषय कोणता ते सांग. आईच्या नको, तुझ्या."

पोरगं तोंड उघडणार तेवढ्यात दार ढकललं गेलं. आधी खुर्चीचे चार पाय आत आले, मग खुर्ची, आणि मग ती डोक्यावर धरलेला शिपाई.

"बाई, माझ्यावर चिडू नका. साहेबांचा हुकूम आहे. तिसरी खुर्ची."

"ठेवा," बाई म्हणाली. "आणि जाताना घेऊन जा."

तर या बाईची ही गोष्ट. कॉलेजातल्या पोरांनी तिला 'जिन्याखालची बाई' असं नाव पाडलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिची खोली मुख्य जिन्याखाली होती. छत एका बाजूने उतरतं, त्यामुळे उंच पोरगं आत आलं की त्याचं कपाळ ठरल्या जागी आपटायचं. भिंतीवर तेवढ्या जागेचा रंग तेलकट झाला होता. वरून पोरं धावत गेली की टेबलावरचा पेला थरथरायचा. एक खिडकी होती, ती सायकल स्टँडकडे उघडायची. आत एक टेबल, एक कपाट आणि दोन खुर्च्या. एक बाईची, एक पोराची. तिसरी नाही.

काम म्हणाल तर साधं. शाळा संपवून जी पोरं पहिल्यांदा कॉलेजात येतात, त्यांनी विषय भरायच्या आधी या खोलीत यायचं. मुख्य विषय कोणता, त्याच्याबरोबर जोडविषय कोणता चालतो, कोणता चालत नाही, तास बुडले तर काय होतं, गाडी रुळावरून घसरतेय असं वाटलं तर कुणाचं दार ठोकायचं, हे सगळं बाईने सांगायचं. तिची सही झाली की पोराचा विषय पक्का. प्राचार्यांनाही सही करता येत होती, पण आजवर एकानेही केली नव्हती. सही केली की उद्या पोरगं घसरल्यावर जाब द्यावा लागतो.

बाई खेड्यातली. बोलणंही खेड्यातलंच, आणि ते तिने कधी धुऊन-पुसून घेतलं नाही. नोकरीला लागली तेव्हा एका प्राध्यापकाने फार आपुलकीने सांगितलं होतं, "बाई, जरा भाषा सुधारा, कॉलेज आहे हे." बाई म्हणाली, "सर, माझी भाषा आजारी नाही." तेव्हापासून तिच्या भाषेच्या वाटेला कुणी गेलं नाही. उलट नवी पोरं तिच्यापुढे पटकन मोकळी व्हायची. आपल्या घरी बोलतात तसं कुणीतरी इथे बोलतंय म्हटल्यावर त्यांचे खांदे खाली यायचे.

आणि ते बोलण्यांचं. घरात बोलणी कशावरून खातोस, हा तिचा पहिला प्रश्न. चांगल्या सवयी पोरं लोकांसाठी करतात, असं तिचं म्हणणं. बोलणी मात्र माणूस स्वतःच्या गोष्टीसाठी खातो. कुणी सांगितलेलं नसताना, कुणाला नको असताना, मार मिळाला तरी पोरगं जे करतं, त्याच्या आसपास कुठेतरी त्याचा विषय असतो. आता या प्रश्नाचं खरं उत्तर बोलणी देणाऱ्यासमोर कोण देणार? म्हणून दोन खुर्च्या. आई, बाप, काका, मामा, थोरली बहीण, सगळ्यांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. बाक लांबलचक होता. वाराही यायचा.

ही रीत तिने पुस्तकातून घेतली नव्हती. ती स्वतः कॉलेजात नाव घालायला आली तेव्हा बरोबर बाप होता आणि चुलता होता. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, विषय कोणता? चुलत्याने मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "गृहशास्त्र लिहा." कारकुनाने लिहिलं. बापाने मान हलवली. ती त्या दोघांच्या मधोमध उभी होती, आणि कारकुनाने मान वर करून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे ती चांगल्या गुणांनी पास झाली. रडलीबिडली नाही. पण कुणी विषय काढला की ती म्हणायची, "मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला आजही माहीत नाही. गृहशास्त्रच सांगितलं असतं कदाचित. पण ते कळायची सोय त्या मिशीवाल्यानं ठेवली नाही."

खटका उडाला तो नव्या पोरांच्या मेळाव्यात.

त्या वर्षी नवे प्राचार्य आले होते. माणूस वाईट नव्हता. इस्त्री कडक, बोलणं मऊ, आणि प्रत्येक वाक्यात 'सहभाग' हा शब्द. त्यांनी ठरवलं, मेळाव्याला पालकांनाही बोलवायचं. सभागृह गच्च भरलं. पडद्यावर चित्रं दाखवून झाली, इमारतीचा इतिहास झाला, शिस्तीवर भाषण झालं. मागच्या रांगेतली पोरं डुलक्या घ्यायला लागली तेव्हा कुठे बाईला माइक मिळाला.

"तीन जागा लक्षात ठेवा," बाई म्हणाली. "वाचनालय, पाण्याची टाकी आणि जिन्याखालची माझी खोली. पहिल्या महिन्यात विषय बदलता येतो. बदलायचा असेल तर बदला, लाज कसली त्यात? पायताण चावलं तर आपण पाय कापतो का? वर्गात काही कळत नसेल तर परीक्षा होईपर्यंत तोंड लपवून बसू नका, आधी या. नापास झाल्यावर आलात तर मी फक्त चहा पाजू शकते. आणि माझ्याकडं येताना एकटं यायचं. घरची माणसं बाहेर बाकावर ठेवायची."

पोरं हसली. पालक हसले नाहीत. दुसऱ्या रांगेतून एक गृहस्थ उभे राहिले. गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं, सगळे त्यांना मेडिकलवालेच म्हणत. कॉलेजच्या पालक समितीत त्यांची खुर्ची पहिली.

"अहो मॅडम, आमची मुलगी आम्हाला सोडून काही ठरवत नाही."

"चांगलं आहे की," बाई म्हणाली. "मग तुम्हाला काळजी कसली? बाकावर निवांत बसा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेडिकलवाल्यांचे कान लाल झाले. त्यांच्या शेजारी एक बारीक अंगाची मुलगी बसली होती. ती खाली मान घालून पुढच्या खुर्चीच्या पाठीवरचा रंग नखाने उकरत होती. बापाने तिच्या हातावर चापटी मारली. बाईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं.

"बाई, पालकांची तक्रार आहे."

"असणारच."

"उद्यापासून प्रत्येक पोराबरोबर एक पालक आत बसेल. तिसरी खुर्ची मी पाठवतो. काळ बदललाय, बाई. पालकांचा सहभाग हवा."

"काळ बदलला असेल साहेब, बाप तोच आहे. बापासमोर पोरगं जे बोलतं ते मला बाकावर बापालाच विचारून घेता येईल. पोराला कशाला त्रास?"

"हे विनंती म्हणून सांगतोय."

"मग विनंतीला नाही म्हणते."

"आणि हुकूम म्हणून सांगितलं तर?"

"हुकमालाही नाहीच म्हणणार. पण मग तुम्ही उगाच तोंडघशी पडाल. म्हणून आधीच्यालाच नाही म्हटलं."

घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. बाईचा नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, तो एक यंत्र पालथं घालून त्याच्या पोटात डोकं खुपसून बसला होता.

"मग, काढलं का तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून नाही."

"काढतील. तोंड आवरत नाही तुझं." त्यांनी शेंगांचं सूप पुढे सारलं. "पण ती खुर्ची आत घेऊ नकोस हं. घेतलीस तर मला तोंड दाखवू नकोस. लग्नाआधी तुझे सासरे मला बघायला आले तेव्हा त्यांनी सगळे प्रश्न माझ्या मामाला विचारले. मामा म्हणाला, पोरगी शांत आहे."

यंत्राच्या पोटातून नवऱ्याचा आवाज आला, "मामानं फसवलं बाबांना."

"तू स्क्रू फिरव," सासूबाई म्हणाल्या.

तर दुसऱ्या दिवसापासून खुर्चीची लढाई सुरू झाली. सकाळी शिपाई खुर्ची आणून ठेवायचा. बाई ती उचलून बाहेर बाकाशेजारी ठेवायची. दुपारी प्राचार्य फेरी मारायला आले की शिपाई घाईने ती परत आत सारायचा. साहेबांची पाठ वळली की खुर्ची परत बाहेर. शिपाई वयाने मोठा, निवृत्तीला टेकलेला. "बाई, तुम्हा दोघांच्या भांडणात माझी कंबर गेली," तो म्हणायचा. "खुर्ची तरी हलकी घ्यायची. सागवानी कशाला पाठवली?"

"तुमच्या साहेबांना सहभाग वजनदार हवाय," बाई म्हणायची.

पालक आत घुसू बघायचे. बाई दारात उभी राहायची. काही कुरकुरत बाकावर टेकायचे. काही भांडायचे. एका आईने तर दाराबाहेरून ओरडून पोराची सगळी उत्तरं दिली. बाईने खिडकी उघडली, स्टँडातला गोंगाट आत आला, वर जिन्यावरून बदाबदा पोरं उतरत होती, त्या दणदणाटात आईचा आवाज विरून गेला. प्राचार्यांच्या कानावर रोज काही ना काही जात होतं. त्यांनी एकदा जिन्यात गाठून सांगितलं, "बाई, पुढची तक्रार आली की मी तुम्हाला परीक्षा विभागात पाठवीन. तिथे पोरं येत नाहीत. नुसते गठ्ठे असतात."

बाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. परीक्षा विभाग तिने पाहिला होता. तळघरात, दिवसा दिवा लावून बसायचं. उत्तरपत्रिकांना बोलणी कशावरून खाता असं विचारता येत नाही. पण सकाळी उठून तिने खुर्ची बाहेर काढली ती काढलीच.

मग गुरुवारी मेडिकलवाले आले. पुढे ते, मागे मुलगी.

बाई दारात होती. "तुम्ही बाकावर बसा. ताई, तू आत ये."

मेडिकलवाले हसले. बाकाशेजारची ती सागवानी खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, बाईच्या बाजूने आत नेली, टेबलाजवळ ठेवली आणि पायावर पाय टाकून बसले. "रसायनशास्त्र मुख्य, जीवशास्त्र जोड," ते म्हणाले. "पुढे औषधनिर्माण. मग दुकान. सगळं ठरलेलं आहे. तुम्ही फक्त सही करा. काय गं, बरोबर ना?"

"हो," मुलगी म्हणाली. ती अजून उभीच होती.

"बघा. झालं."

"तुम्ही उठा," बाई म्हणाली.

"नाही उठत. प्राचार्यांचा हुकूम आहे. बोलवा त्यांना."

बोलवायची गरज नव्हती. आवाज ऐकून बाकावरचे लोक दारात जमले होते आणि त्यांच्या मागून प्राचार्यच येत होते. उतरतं छत त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. कपाळ आपटलं. चोळत चोळत ते म्हणाले, "बाई, आता पुरे. बसा. तिघं मिळून बोला आणि सही करून टाका."

बाईने खोलीभर नजर फिरवली. तीन खुर्च्या. एका खुर्चीत बाप. दारात साहेब. साहेबांच्या खांद्यावरून डोकावणारी दहा तोंडं. आणि टेबलाचा कोपरा नखाने उकरत उभी असलेली मुलगी.

"बसा," बाई म्हणाली. "तुम्ही दोघंही बसा. खोली कॉलेजची आहे, माझ्या बापाची नाही."

तिने स्वतःची खुर्ची उचलली. मुलीला म्हणाली, "तुझी तू घे गं."

मुलगी गोंधळली. बापाकडे बघितलं. मग दुसरी खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली. खुर्ची तिच्या छातीपर्यंत येत होती. दारातली माणसं आपोआप बाजूला झाली. बाई पुढे, मुलगी मागे, अशा दोन खुर्च्या व्हरांड्यातून निघाल्या, पायऱ्या उतरल्या आणि सायकल स्टँडमध्ये जाऊन पत्र्याखाली मांडल्या गेल्या, एका मोडक्या सायकलीच्या आणि भिंतीच्या मधे.

आत टेबलाला मेडिकलवाले आणि प्राचार्य तेवढे राहिले. खुर्ची एकच होती, त्यामुळे प्राचार्य उभे राहिले.

"काय विचारणार तुम्ही?" मुलीने विचारलं. तिला धाप लागली होती.

"घरात बोलणी कशावरून खातेस?"

मुलीने मागे वळून खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बाप उभा होता. पण मधे सायकलींची रांग होती आणि आवाज तिथपर्यंत जाणार नव्हता.

"रंग उकरते म्हणून," मुलगी म्हणाली.

"ते पाहिलं मी. सभागृहात."

"दुकानाच्या शटरचा उकरला. वर निळा आहे. त्याच्या खाली हिरवा निघाला. त्याच्या खाली लाल. बाबा म्हणतात, दुकानाला खरूज झाल्यासारखं दिसतं." ती थांबली. "पण लाल रंग सगळीकडं नाही. जिथं गंज आहे तिथंच तो टिकलाय. निळा मात्र तिथूनच सुटतो. असं का ते मला कळत नाही. एकदा मी डबीत तुकडे जमा केले होते. आईनं फेकून दिले."

"आणि मग?"

"मग परत जमा केले."

बाई पुढे वाकली. "अगं, असं का होतं ते मलाही माहीत नाही. मला कुठलं ठाऊक! ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडं तुला पाठवणं, एवढंच माझं काम. आता सांग, विषय कोणता?"

मुलगी हसली. पहिल्यांदाच. "रसायनशास्त्र."

बाईने दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. एवढा तमाशा झाला, नोकरीवर पाणी पडायची वेळ आली, सायकल स्टँडात बसायची पाळी आली, आणि उत्तर तेच! क्षणभर तिलाच हसावं की रडावं कळेना. मग तिने हसायचं ठरवलं.

"बाबा सांगतात म्हणून?"

"नाही. बाबांना गोळ्यांसाठी हवंय. मला रंगांसाठी." ती खुर्चीच्या कडेवर सरकली. "आणि जीवशास्त्र नको. रंग मातीतून काढतात, दगडातून काढतात, असं कुठंतरी वाचलंय. दगडमातीचा विषय असतो का?"

"असतो. भूगर्भशास्त्र. रसायनाबरोबर जोडता येतं. पण ऐक, त्या सरांचे तास सकाळी पहिले असतात आणि ते उन्हात डोंगर चढायला लावतात. पोरं पळून जातात. महिनाभर बघ. नाही जमलं तर माझ्याकडं ये, बदलू. लाजायचं नाही."

"नाही लाजणार."

तोवर मेडिकलवाले पायऱ्या उतरून आले होते. मागे प्राचार्य, आणि प्राचार्यांच्या मागे अख्खा बाक.

"झालं समाधान?" मेडिकलवाल्यांनी विचारलं. "काय ठरलं?"

बाईने मुलीकडे पाहिलं.

"रसायनशास्त्र," मुलगी म्हणाली.

मेडिकलवाल्यांनी मोठ्याने टाळी वाजवली. "घ्या! मी काय सांगत होतो? यासाठी एवढा धिंगाणा घातला बाईंनी. साहेब, बघितलंत ना?"

प्राचार्यांनी सुस्कारा सोडला. "बाई, निकाल तर तोच लागला."

"तोच कसा?" बाई म्हणाली. "सकाळी तो यांनी लावला होता. आता तिनं लावला. तुमच्या पायातला जोडा आणि माझ्या पायातला जोडा एकाच दुकानातला असेल साहेब, म्हणून तुम्ही माझ्या घरी जाल का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि बाबा," मुलगी म्हणाली. आवाज बारीक होता, पण पत्र्याखाली घुमला. "जोडविषय दगडमातीचा घेतलाय. भूगर्भशास्त्र. आणि मी दुकानात नाही बसणार."

"दगड?" मेडिकलवाल्यांचा हात टाळीच्या आकारातच राहिला. "दुकानात दगड विकणार का?"

"दुकानात नाही बसणार म्हटलं ना," मुलगी म्हणाली, आणि तिने पहिल्यांदाच बापाकडे सरळ बघितलं. "तुम्ही शटर रंगवा. मी सांगेन कोणता रंग टिकेल ते. शिकले की."

मेडिकलवाले बाईकडे वळले. बोट दाखवून काहीतरी म्हणणार होते, पण बाक त्यांच्याकडे बघत होता. बाकावर त्यांच्या दुकानात रोज औषधं घेणारी माणसं होती. ते प्राचार्यांकडे वळले. "साहेब, ही माझी तक्रार समजा. लेखी देतो." आणि पायऱ्या चढून गेले. मुलगी मागे गेली नाही. तिने बाईकडून सही घेतली, सायकलीवर कागद ठेवून, आणि मग सावकाश गेली. जाता जाता तिने स्टँडच्या खांबावरून हात फिरवला. खांबाला तीन रंग होते.

उरलेल्या पोरांना बाईने स्टँडातच बोलावून घेतलं. दुपार टळायच्या आत शिपाई आला. एका हातात कागद, दुसऱ्या काखेत ती सागवानी खुर्ची.

"साहेबांनी दिलाय," तो म्हणाला आणि कागद पुढे केला.

बाईने वाचला. सोमवारपासून परीक्षा विभाग. भाषा फार मऊ होती. 'आपल्या अनुभवाचा लाभ' असं काहीतरी होतं. तिने तो दोनदा वाचला. मग चार घड्या केल्या. स्टँडची जमीन उतरती होती आणि पोराची खुर्ची सकाळपासून डगमगत होती. बाईने वाकून घडी तिच्या आखूड पायाखाली सारली आणि खुर्ची हलवून बघितली. पक्की बसली.

"बाई!" शिपाई घाबरला. "हुकूम आहे तो."

"हो की. सोमवारपर्यंत कामाला आला."

"आणि सोमवारनंतर?" बाकावरून उठून स्टँडात आलेल्या पोरांपैकी एकीने विचारलं. "आम्ही अजून राहिलोय. आम्ही कुठं यायचं?"

"तळघरात या. परीक्षा विभागातही दोन खुर्च्या असतीलच. तिथं सही माझी चालणार नाही, पण बोलायला कुणी अडवलंय? बोलून घ्या, आणि सही साहेबांकडून घ्या. त्यांचाही सहभाग होईल."

शिपाई खदखदून हसला. हसता हसता त्याने काखेतली खुर्ची खाली ठेवली, जरा लांब, सायकलींच्या त्या टोकाला, जिथून ऐकू येत नाही. आणि स्वतःच तिच्यावर बसला.

"काका, ही कशाला?"

"साहेब म्हणाले होते, तिसरी खुर्ची टाका. टाकली." त्याने कंबर चोळली. "कुणी बसायचं ते बोलले नव्हते. मी इथून एकेकाला सोडतो. पालक आला तर आधी माझ्याशी गाठ आहे."

बाईने पदर खोचला. ऊन पत्र्यावरून खाली उतरून तिच्या पायांवर आलं होतं, म्हणून तिने आपली खुर्ची जरा सावलीत ओढली. शिपायाने हात वर केला. एक ताडमाड उंच पोरगं सवयीने डोकं वाकवून आलं, मग वर बघितलं, इथे जिना नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि ते ओशाळून ताठ उभं राहिलं.

"बस," बाई म्हणाली. "डोकं वाचलं तुझं. आता सांग, घरात बोलणी कशावरून खातोस?"